अ‍ॅपला सगळं दिसतं, आईचं चूर्ण सोडून

पत्राचा सारांश: पत्रलेखिका ४७ वर्षांच्या, नोकरी करणाऱ्या. ७१ वर्षांची आई त्यांच्याजवळ राहते. आईला १४ वर्षांपासून मधुमेह, शिवाय बीपी आणि थायरॉईड. फिजिशियनच्या गोळ्या नियमित चालू आहेत. साखरेच्या गोळ्या दोन, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड. गुडघेदुखी, झोप न येणं आणि साखर यांसाठी काही महिन्यांपासून एका वैद्यांचं औषधही सुरू आहे: गुडमार असलेलं चूर्ण, गुग्गुळाच्या गोळ्या, रात्री अश्वगंधा. वैद्य व्हिडिओ कॉलवर भेटतात, औषधं भाऊ ऑनलाइन मागवतो. परदेशातल्या या भावानं आईच्या दंडावर ग्लुकोज सेन्सर लावून दिला, मनगटावर घड्याळ दिलं आणि सगळं एका अ‍ॅपला जोडलं. घड्याळातली पावलं पूर्ण करायची म्हणून आई आता संध्याकाळी फिरते. तीन महिन्यांपूर्वी फिजिशियननी ग्लिमेपिराइडचा डोस थोडा वाढवला होता. गेल्या दोन महिन्यांत साखरेचा आलेख खाली आला आहे, आणि भाऊ म्हणतो, 'चूर्णाचा गुण आलाय, आता गोळ्या कमी करू.' पण रात्री तीनच्या सुमारास साखर कमी झाल्याचा अलार्म वाजतो आणि घर जागं होतं. त्यातच नव्या रिपोर्टमध्ये टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारं संप्रेरक) एकदम खाली गेल्यामुळे थायरॉईडच्या गोळीचा डोस कमी झाला, आणि तेव्हापासून आई सुस्त आहे. वैद्यांच्या औषधांबद्दल फिजिशियनना सांगितलेलं नाही. ते रागावतील म्हणून आईनं शपथ घातली आहे. वैद्यांनी गोळ्यांची यादी मागितली होती, त्यांना अर्धीच दिली. अ‍ॅपमध्ये वैद्यांची औषधं 'इतर नोंदी' या रकान्यात भरली आहेत. औषधांच्या यादीवर हिरवी खूण आहे आणि अ‍ॅपमधला एआय सहायकही 'सुरक्षित' म्हणतो. पत्राच्या शेवटी जाता जाता उल्लेख आहे की, रिपोर्टच्या आधीपासून आई केसांसाठी बायोटिन घेते आहे. तेही अ‍ॅपनंच सुचवलं. 'ते यंत्र काय सांगणार मला झोप का येत नाही,' असं आई म्हणते. लेखिकेचा प्रश्न: 'डॉक्टर, वैद्य आणि अ‍ॅप, या तिघांत मी कुणाचं ऐकू?'

प्रिय ताई,

उत्तर तुमच्या पत्राच्या शेवटून सुरू करते, कारण तातडीचं ते तिथेच आहे. बायोटिन. साधं व्हिटॅमिन, त्याचं काय एवढं, असं तुम्हाला वाटलं असणार. म्हणूनच ते पत्रात सगळ्यात शेवटी आलं. पण आईचा थायरॉईडचा रिपोर्ट आणि हे व्हिटॅमिन यांचा संबंध असू शकतो. थायरॉईडच्या रक्ततपासणीच्या बऱ्याच पद्धतींत बायोटिन आणि स्ट्रेप्टाव्हिडिन नावाचं प्रथिन यांच्या घट्ट पकडीचा वापर करतात. तपासायच्या रक्तातच बायोटिनचा भरणा असेल तर यंत्राचा हिशेब चुकतो. टीएसएच खोटंच कमी येतं, टी-४ हे थायरॉईडचं स्वतःचं संप्रेरक खोटंच जास्त येतं. कागदावर थायरॉईडचं काम वाढल्याचं इतकं बेमालूम चित्र उभं राहतं की समोरचा डॉक्टर डोस कमी करणारच. शरीराला दिवसाला साधारण ३० मायक्रोग्रॅम बायोटिन पुरतं. केसांसाठी विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत ते बरेचदा ५,००० ते १०,००० मायक्रोग्रॅम असतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०१७ मध्येच याबद्दल जाहीर इशारा दिला होता. त्या इशाऱ्यात थायरॉईडहून गंभीर भाग होता तो ट्रोपोनिनचा. हार्ट अ‍ॅटॅक ओळखायची ही तपासणीसुद्धा बायोटिनमुळे खोटी कमी येऊ शकते.

आईच्या बाबतीत हेच झालं, असं मी इथे बसून म्हणणार नाही. प्रयोगशाळेची पद्धत वेगळी असेल तर बायोटिननं काहीच फरक पडत नाही. अश्वगंधेनं थायरॉईडची संप्रेरकं खरोखरच वाढल्याचं लहान चाचण्यांत दिसलं आहे, ती एक शक्यता. आणि आईला आधीचा डोस खरंच जास्त होत असेल, ही तिसरी. तिन्हींत पुढची पायरी एकच आहे: लगेच फिजिशियनना फोन करा, बायोटिन आणि अश्वगंधा दोन्ही सांगा, बायोटिन बंद करून तपासणी पुन्हा कधी करायची ते विचारा. साधारणपणे किमान दोन दिवसांचं अंतर ठेवतात, मूत्रपिंड कमजोर असेल तर जास्त. थायरॉईडची गोळी मात्र तुम्ही आपल्या मनानं वाढवू नका.

आता 'कुणाचं ऐकू' या प्रश्नाकडे येते. तिघं तीन गोष्टी सांगत आहेत आणि आपल्याला एकाची बाजू घ्यायची आहे, हे तुम्ही धरून चालला आहात. पण तुमचंच पत्र पुन्हा वाचा. वैद्यांनी पहिल्या भेटीत गोळ्यांची यादी मागितली. फिजिशियननी हातात आलेल्या रिपोर्टवर जे करायला हवं तेच केलं. या दोघांचं भांडण झालंय कुठे? त्यांची तर गाठही पडलेली नाही. अ‍ॅलोपॅथी विरुद्ध आयुर्वेद हा सामना तुमच्या घरात चालू आहे आणि त्यातले दोन्ही खेळाडू गैरहजर आहेत. मी स्वतः अ‍ॅलोपॅथीची डॉक्टर आहे, तेव्हा माझा कल कुठे असेल ते तुम्ही ओळखालच. तरी या पत्रातल्या वैद्यांचं वागणं मला चोख वाटलं. यादी मागणारा वैद्य आणि 'आणखी काही घेता का' असं विचारणारा डॉक्टर, दोघंही एकाच जातकुळीतले. अशी माणसं सांभाळून ठेवावीत. अडचण एवढीच झाली की दोघांनाही तुम्ही अर्धीच आई दाखवली.

हे लपवणं तुमच्याच घरात होतं असं नाही. अमेरिकेत १९९० मध्ये झालेल्या आणि १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत साधारण दर तिघांतला एक जण कुठली ना कुठली पूरक उपचारपद्धती वापरत होता, आणि वापरणाऱ्यांपैकी ७२ टक्के लोकांनी आपल्या डॉक्टरांना त्याबद्दल सांगितलं नव्हतं. त्या काळात ना स्मार्टफोन होते ना अ‍ॅप. तेव्हा न सांगण्याची सवय यंत्रांच्या आधीची आहे, आणि यंत्र आल्यानं ती आपोआप जाणार नव्हती. उलट आता एक नवी सोय झाली आहे: माहिती कुठेतरी भरली की ती 'सांगितली' असं वाटू लागतं.

तुम्ही नेमकं हेच केलं. चूर्ण, गुग्गुळ, अश्वगंधा हे सगळं 'इतर नोंदी'त टाइप केलं. हा रकाना माणसानं वाचायचा असतो, आणि तुमच्या घरात तो वाचणारं माणूस नाही. औषधांची आंतरक्रिया, म्हणजे एका औषधाचा दुसऱ्यावर होणारा परिणाम, तपासणारी प्रणाली सहसा औषधांच्या मुख्य यादीतली ठरावीक नावं ओळखते; मोकळ्या मजकुरातलं 'सकाळी एक चमचा चूर्ण' तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. मग ती हिरवी खूण दाखवते. म्हणजे पुढच्या दाराला कुलूप लावून मागचं उघडं ठेवायचं आणि घर बंद आहे म्हणायचं. एक प्रयोग करून बघा. चूर्ण आणि गुग्गुळ मुख्य यादीत घालायचा प्रयत्न करा. बहुतेक ठिकाणी नावच सापडणार नाही. सापडलं तरी मात्रा कुठल्या एककात लिहायची, हे चूर्ण कुठल्या घटकांचं, त्यात अर्क आहे की कच्ची वनस्पती, याला जागा नसेल.

एआय सहायकाचंही तसंच. तुम्ही त्याला 'अश्वगंधा सुरक्षित आहे का' असं विचारलं असेल, तर त्यानं एका सर्वसाधारण माणसाबद्दल उत्तर दिलं. तुमची आई सर्वसाधारण माणूस नाही. ती ७१ वर्षांची, मधुमेह आणि थायरॉईडच्या गोळ्या घेणारी बाई आहे. शिवाय या सहायकांची भाषा ठाम असते, माहिती अपुरी असतानाही. 'आंतरक्रिया आढळली नाही' याचा अर्थ कित्येकदा 'कुणी तपासलेलीच नाही' असा असतो, आणि पडद्यावर या दोन्हींचा रंग हिरवाच असतो. मला विचाराल तर तिथे करडा रंग हवा होता. सहायकाचा उपयोग मी करीन तो एवढ्यापुरता: डॉक्टरांना विचारायच्या प्रश्नांची यादी काढून घ्यायला. उत्तरं तिथून घेणार नाही.

वनौषधी आणि गोळ्या यांच्यात पक्की सीमारेषा आहे असं समजू नका. आईच्या मेटफॉर्मिनचंच बघा. गॅलेगा ऑफिसिनॅलिस या युरोपातल्या वनस्पतीत सापडलेल्या साखर उतरवणाऱ्या संयुगांचा माग काढताना हे औषध हाती लागलं. वनस्पतीत औषधी ताकद असते हे मान्य केलं की तिच्यात अपाय करायचीही ताकद असते हे मान्य करावं लागतं. एक घ्यायचं आणि दुसरं नाकारायचं असं जमत नाही. गुडमार साखर उतरवू शकतो. ग्लिमेपिराइडही उतरवते, आणि तिचा डोस तर नुकताच वाढला आहे. दोन्ही मिळून साखर हवी त्यापेक्षा खाली जाऊ शकते. गुग्गुळाबरोबर प्रोप्रॅनोलॉल आणि डिल्टियाझेम या औषधांचं रक्तातलं प्रमाण घटल्याचं एका छोट्या अभ्यासात दिसलं होतं. आईच्या बीपीच्या गोळ्यांत यांपैकी काही असेल तर ते आवर्जून विचारा. ज्येष्ठमध जास्त दिवस घेतला तर पोटॅशियम उतरतं आणि बीपी चढतं, हे तर चांगलं अभ्यासलेलं आहे; चूर्णात तो आहे का ते वैद्यांना विचारा. तुमच्यासारखंच दुहेरी औषध घेणाऱ्या इतर वाचकांसाठी आणखी एक: नैराश्यासाठी घेतली जाणारी सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती यकृतातली औषधं मोडणारी यंत्रणा वेगवान करते. अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधं, काही एचआयव्हीची औषधं, गर्भनिरोधक गोळ्या यांचा परिणाम त्यानं कमी होतो. २००० साली झुरिकच्या डॉक्टरांनी हृदय प्रत्यारोपण झालेल्या दोन रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. ही वनस्पती घेतल्यावर सायक्लोस्पोरिन या प्रत्यारोपणानंतरच्या औषधाची पातळी घसरून शरीर नवं हृदय नाकारू लागलं होतं.

औषध कुठून येतं हाही प्रश्न आहेच. इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी २००८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी प्रसिद्ध केली. सुमारे पाचव्या हिश्शात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. भाऊ जे ऑनलाइन मागवतो ते वैद्यांनी नेमकं सांगितलेलंच उत्पादन आहे का, त्याच्या त्या बॅचचा तपासणी अहवाल मिळतो का, हे वैद्यांना थेट विचारा. चांगल्या वैद्यांना हा प्रश्न झोंबत नाही.

आता आलेख. भावाला तो उतरलेला दिसतो आणि चूर्ण त्याच सुमाराला चालू आहे, म्हणून श्रेय चूर्णाला. पण त्याच काळात डोस वाढला. आई रोज फिरायला लागली. आणि दंडावर सेन्सर लागला की माणूस खाण्यापिण्यातही नकळत सावध होतो, कारण प्रत्येक घासाचा हिशेब पडद्यावर दिसतो. या चौघांत श्रेय कसं वाटणार? मला तरी फिरणं आणि वाढलेला डोस हेच जास्त संभाव्य वाटतात, पण पैज लावणार नाही. एचबीएवनसी ही रक्ततपासणी साखरेची साधारण दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. तिचा पुढचा आकडा आला तरी तो 'किती उतरली' हे सांगेल, 'कशानं उतरली' हे नाही. आणि समजा चूर्णाचा गुण खरंच असेल, तरी त्यातून 'गोळ्या कमी करू' निघत नाही. कमी करायच्याच असतील तर कोणती, किती, कधी, आणि त्यानंतर किती दिवसांनी काय बघायचं, हे फिजिशियन ठरवतील. त्यासाठी चूर्ण आहे हे त्यांना आधी कळायला हवं.

रात्रीच्या अलार्मबद्दल मात्र मला तुमच्याकडूनच माहिती हवी आहे. सेन्सर कुठल्या दंडावर आहे? आणि आई रात्री कुठल्या कुशीवर असते? सेन्सर रक्तातली साखर थेट मोजत नाही. कातडीखालच्या पेशींभोवतीच्या द्रवातली मोजतो, आणि ती रक्ताच्या काही मिनिटं मागे असते. त्या दंडावर वजन टाकून झोपलं की तिथला द्रव आणि रक्ताचा पुरवठा दाबला जातो, आकडा झपकन खाली येतो. कूस बदलली की तितकाच झपकन वर येतो. आलेखात अशी खाच उभी, अरुंद, टोकदार दिसते. खरी कमी झालेली साखर बहुधा उतरते सावकाश आणि वर येते तीही सावकाश. काही सेन्सर व्हिटॅमिन सी जास्त घेतलं तर उलटी चूक करतात, साखर आहे त्यापेक्षा जास्त दाखवतात. ती मर्यादा त्यांच्या माहितीपत्रकात छापलेली असते, तेवढी वाचून ठेवा.

पण ग्लिमेपिराइड आणि गुडमार दोन्ही चालू असताना अलार्म खोटाच आहे असं मानून तो बंद करणं धोक्याचं आहे. तेव्हा पुढचे काही दिवस असं करा. उशाशी बोट टोचून मोजायचं साधं मशीन ठेवा. अलार्म वाजला की दिवा लावून आधी आईकडे बघा, पडद्याकडे नंतर. घाम, थरथर, बोलण्यात गोंधळ यांतलं काही असेल तर मोजत बसू नका. १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी मोजा, अजून कमी असेल तर पुन्हा द्या. आई गिळू शकत नसेल किंवा शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, तातडीची मदत बोलवा. आई व्यवस्थित असेल तर बोट टोचा. ७० च्या वर असेल तर ती कुठल्या कुशीवर होती ते लिहून ठेवा आणि झोपा. ७० च्या खाली असेल तर ग्लुकोज द्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फिजिशियनना फोन. ही चार-पाच रात्रींची वही डॉक्टरांना दोन महिन्यांच्या रंगीत आलेखापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

तुम्ही पत्रात विचारलं आहे, की एवढं तंत्रज्ञान असताना सगळं एका ठिकाणी का येत नाही? हळूहळू येतं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात पारंपरिक वैद्यकाचं एक स्वतंत्र प्रकरण आहे, ते प्राचीन चीनमधून आलेल्या आणि जपान-कोरियातही वापरल्या जाणाऱ्या निदानांचं. जानेवारी २०२४ मध्ये आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी यांच्या निदानांसाठी दुसरा भाग जाहीर झाला. म्हणजे वैद्यांनी केलेलं निदान आता संगणकाला कळेल अशा सांकेतिक क्रमांकात लिहिता येतं, पुढेमागे ते फिजिशियनच्या पडद्यावरही उमटू शकेल. हे काम मोलाचं आहे. पण क्रमांक मिळाला म्हणजे उपचार सिद्ध झाला असं होत नाही. तो नोंदीसाठी आहे. आणि निदानाला क्रमांक मिळाला तरी चूर्णातल्या घटकांना, त्यांच्या मात्रेला सगळीकडे चालेल अशी एक भाषा मिळणं ही आणखी अवघड वाट आहे. तोवर दोन्ही बाजू जोडणारं माणूस घरातलंच असणार आहे. तुम्ही, किंवा त्याहून बरं, आई.

इथे थोडं थांबते. इतक्या लांब पत्रात आईचं स्वतःचं असं एकच वाक्य आहे. 'ते यंत्र काय सांगणार मला झोप का येत नाही.' बाकी सगळीकडे आई म्हणजे आकडे, अलार्म आणि शपथ. मला ते वाक्य तक्रारीचं वाटलं नाही, तो प्रश्न वाटला, आणि तो तिला कुणी परत विचारल्याचं पत्रात दिसत नाही. झोप कधीपासून येत नाही? गुडघा दुखतो म्हणून, लघवीला उठावं लागतं म्हणून, की रात्री तीनला अलार्म वाजणार या धास्तीनं? थायरॉईडचा डोस आधी जास्त होत असता तरी झोप उडाली असती. या सगळ्यांचे उपाय वेगळे आहेत, आणि अश्वगंधा फार तर एका ठिकाणी लागू पडेल. वैद्यांकडे आईला बरं का वाटतं, तेही विचारा. माझा अंदाज, ते ऐकून घेतात म्हणून. फिजिशियनची वेळ सात मिनिटांची असते आणि त्यातली चार रिपोर्ट बघण्यात जातात, हे मी माझ्याच व्यवसायाबद्दल बोलते आहे.

शपथेचंही आईशीच बोला. तिच्यामागे जाऊन डॉक्टरांना सांगितलंत तर एक गोष्ट सुटेल आणि दुसरी मोडेल. पुढच्या वेळी ती तुमच्यापासूनही लपवील. तिला बायोटिनचं उदाहरण सांगा. 'आई, तू घेत होतीस ती केसांची गोळी, तिच्यामुळे रिपोर्ट कदाचित चुकीचा आला असेल, आणि म्हणून तुला हे थकल्यासारखं होतंय. डॉक्टरांना माहीत नसल्यानं त्यांच्याकडून हे निसटलं.' यात वैद्य कुठेच आरोपी नाहीत, त्यामुळे तिला त्यांची बाजू घ्यावी लागणार नाही. फिजिशियनना सांगताना सुरुवात माफीनं करू नका. सरळ म्हणा, 'आई ही औषधंही घेते. आम्ही आधी सांगितलं नव्हतं. यातलं काय चालू ठेवायला हरकत नाही आणि काय थांबवावं, ते सांगा.' रागावलेच तर रागावू द्या. ती सात मिनिटं निघून जातात. पण यादी वाचून न बघताच 'हे सगळं फेकून द्या' म्हणाले, तर दुसरे फिजिशियन शोधायला हरकत नाही. तसंच 'गोळ्या बंद करा, माझ्यावर विश्वास ठेवा' म्हणणारे वैद्यही नकोत.

यादी कशी करायची? घरातल्या सगळ्या बाटल्या, पुड्या, पाकिटं, मलमं एका पिशवीत घाला आणि पिशवीच डॉक्टरांच्या टेबलावर रिकामी करा. आठवून लिहिलेली यादी आणि पिशवीतली यादी कधीच जुळत नाही. पिशवीत हटकून एखादं जुनं, कुणीतरी दिलेलं, मुदत संपलेलं काहीतरी निघतं. मग समोर बसून एका कागदावर लिहून घ्या: नाव, कंपनी, मात्रा, वेळ, कुणी दिलं, कशासाठी. थायरॉईडची गोळी रिकाम्या पोटी घ्यायची असते, आणि कॅल्शियम किंवा लोहापासून चार तास लांब. वैद्यांच्या काही औषधांत हे खनिज असू शकतं, तेव्हा वेळा त्याच कागदावर ठरवा. याच कागदाचा फोटो वैद्यांना पाठवा, पूर्ण. तुम्ही ज्या व्हिडिओ कॉलला नावं ठेवता तो इथे खरा उपयोगी आहे: दोघांची परवानगी घेऊन दहा मिनिटांचा एकच कॉल करता आला तर करा. जमलं नाही तर कागद पुरतो. सगळ्या औषधांचा शेवटचा शब्द कुणाचा, हे मात्र आधीच ठरवा. मधुमेह आणि थायरॉईड असताना तो फिजिशियनचा असावा असं माझं मत आहे, कारण साखरेच्या गोळीचा डोस चुकला तर त्याचा परिणाम काही तासांत दिसू शकतो.

पूरक उपचार म्हटलं की आपण पुडीच डोळ्यांसमोर आणतो, हेही थोडं सोडायला हवं. गुडघ्याच्या संधिवातासाठी ताई-ची (सावकाश हालचालींचा चिनी व्यायाम) करा, अशी ठाम शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत आहे, योगाचीही आहे, जरा सौम्य शब्दांत. यांची कुठल्याच गोळीशी आंतरक्रिया होत नाही. शिकवणारा चांगला असेल तर वर्ग व्हिडिओवरही चालतो. फक्त पहिल्या काही दिवसांत कुणीतरी शेजारी उभं राहावं, तोल जाऊ नये म्हणून. झोपेसाठी सीबीटी-आय नावाची वर्तनोपचाराची पद्धत आहे. जुनाट निद्रानाशावर ती पहिला उपचार म्हणून द्यावी, असं अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं २०१६ मध्ये सांगितलं. तिचे अ‍ॅपवरून चालणारे कार्यक्रमही चाचण्यांतून तपासले गेले आहेत. तुमच्या भावाला अ‍ॅपच हवं असेल तर हे घ्या म्हणावं. त्याउलट बोटावर चिमटा लावून वात-पित्त-कफ सांगणारी उपकरणं आणि सुई न टोचता साखर सांगणारी घड्याळं यांच्या नादी लागू नये. दुसऱ्या प्रकाराविरुद्ध तर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०२४ मध्ये उघड इशारा दिला आहे.

राहता राहिला भाऊ. लांब राहणाऱ्या मुलाची काळजी अ‍ॅपमधूनच वाहणार, ती तोडू नका. पण त्याला आलेख वाचण्यापेक्षा नेमकं काम द्या. सेन्सरचा १४ दिवसांचा एका पानाचा अहवाल भेटीच्या आदल्या दिवशी काढून ठेवणं, हे त्याचं. अ‍ॅप कोणाकोणाला माहिती देतं ते सेटिंग्जमध्ये जाऊन बघणं आणि आईच्या प्रकृतीवरून गोळ्या सुचवणारी जाहिरातवजा सूचना बंद करणं, हेही त्याचं. बायोटिन तिथूनच घरात आलं. आणि तो औषधांचा कागद आईच्या पर्समध्ये ठेवा, फोनमध्ये असला तरी. अपघात विभागात फोन लॉक असतो, त्या वेळी कुणी अ‍ॅप उघडत बसत नाही. कागदावर तारीख टाका, औषध बदललं की जुना फाडून नवा लिहा, आणि आईच्या चश्म्याच्या नंबरला वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात लिहा.